बाहीच्या दुमडीत

याकोबकाका, आधी तुमचं नाव घेते. सुईला सरावलेला हात विजेच्या कामालाही चालतो, हे मला तुम्ही सांगितलंत. मग एस्तेरकाकूंचं नाव, कारण तुमच्या घरातून त्यांनी मला एकदाही न जेवता जाऊ दिलं नाही. आणि शेवंताबाईंचं, आपला पहिला धड चाललेला पट्टा ज्यांनी दंडाला बांधला आणि परत मागितला तर द्यायला तयार नव्हत्या. ही तीन नावं घेतल्यावरच पुढचं लिहायचा धीर होतोय. तुम्ही गेलात. मागच्या आठवड्यात भिंगारच्या कबरस्तानात तुम्हाला ठेवून आलो.

तिथं कसं उभं राहायचं हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे, राजूरच्या वरच्या वाड्यांत, बायका मयतीबरोबर शेवटपर्यंत जात नाहीत. मी फाटकाशीच थांबले होते. काकूंनी मागं वळून हात केला आणि मला जवळ घेतलं. मूठभर माती टाकायला सांगितली. टाकली. तो हात मग संध्याकाळपर्यंत धुतला नाही. तुम्हाला हे कळलं असतं तर म्हणाला असतात, टेलरबाई, हात मळका ठेवून कापडाला लावू नकोस.

'टेलरबाई' हे नाव तुम्ही पहिल्याच दिवशी ठेवलंत. मी तेव्हा भिंगारच्या बाजारात गणवेश शिवायच्या दुकानात होते. आश्रमशाळा आठवीत सुटली होती, चुलतबहिणीच्या मागं मागं इथं आले होते, आणि फौजी शर्टांवर फिती लावायच्या, काजं करायची, एवढंच काम माझ्याकडे असायचं. तुम्ही एक चंदेरी दोऱ्याचं रीळ घेऊन आलात. मालक म्हणाले की काका, ही तार आहे, माझं मशीन खराब होईल. मग हातानं कोण शिवतं म्हणून तुम्ही विचारलंत आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

तुम्ही लष्कराच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेले आणि मी गावाकडे रेडिओचा खटकासुद्धा भीत भीत दाबायचे. तुम्ही सांगितलंत की हा दोरा वीज वाहून नेतो, पट्ट्यावर याच्या दोन रेघा शेजारून शिवायच्या, पण एकमेकींना लागू द्यायच्या नाहीत. लागल्या तर शॉक बसेल का, असं मी विचारलं. नाही, फक्त यंत्र रुसतं, बंद पडतं, म्हणालात.

मी भित्री आहे हे तुम्हाला सांगावं लागलं नाही. गॅस बंद केला का ते बघायला मी गल्लीच्या टोकावरून परत येते. पावसाळ्यात आईचा फोन लागला नाही की मला थेट दरडच दिसते. तुमच्यासाठी शिवलेली पहिली रेघ मी इतक्या वेळा उलटून बघितली की काकू हसायला लागल्या. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "भित्र्या माणसानं मारलेली गाठ सुटत नाही." माझ्या भीतीचा काही उपयोग असतो, हे त्याआधी मला कुणी म्हटलं नव्हतं.

पट्टा कशासाठी हवा होता, ते हळूहळू कळलं. तुमच्या मागच्या गल्लीतल्या शेवंताबाई कांदा मार्केटच्या शेडमध्ये निवडीचं काम करायच्या. पत्र्याखाली, ऐन उन्हाळ्यात. त्यांची जाऊ कांद्याच्या ढिगाजवळ बसल्या जागी कलंडली. जीव वाचला, पण पुन्हा कामाला जाण्यासारखी राहिली नाही. शेवंताबाई तुमच्याकडे मोबाईल दुरुस्तीला आल्या तेव्हा हे सांगून गेल्या, आणि तुमचं डोकं फिरलं. माणूस पडायच्या आधी अंग काहीतरी सांगतच असणार, म्हणालात. कुठल्या तरी परदेशी कॉलेजातल्या पोरांनी नाडी आणि अंगाची उष्णता मोजणाऱ्या पट्ट्याचा आराखडा इंटरनेटवर मोकळा सोडला होता. कुणीही घ्यावा, बनवावा, बदलावा, फक्त आपण काय बदललं ते परत सगळ्यांना सांगावं. तुम्ही तो उतरवून घेतलात. अंग तापलं, नाडी फार पळाली, की पट्टा गुरगुरणार. मग सावलीत बसायचं, पाणी प्यायचं. एवढंच काम त्याचं.

आणि पहिल्या दिवशी आपली काय फजिती झाली. शेडमधल्या बायांच्या मनगटावर बांधलेले सगळे पट्टे दुपारच्या आधीच मेले. तुम्ही सेल बदलून बघितले, मी शिवण उसवून बघितली. शेवटी शेवंताबाईंच्या हाताकडे बघताना मला दिसलं. काचेच्या बांगड्यांत एखादी पितळी पाटली असतेच. ती दोऱ्याच्या दोन रेघांवर घासत होती आणि पट्टा रुसत होता. तुम्ही बांगड्या घालत नाही. मी घालते, पण शिवायला बसताना काढून ठेवते. दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. तुम्ही बिचकत म्हणालात की बाई, कामापुरती पाटली काढली तर? शेवंताबाई म्हणाल्या, "पट्टा उतरंल काका, पाटली न्हाई उतरायची. नवरा जित्ता हाय माझा. आन् बरा बी हाय."

त्या रात्री आपण जेवायला बसलो होतो. मी काकूंच्या ब्लाउजकडे बघत होते. बाही दंडाला घट्ट बसते. बाहीच्या टोकाची दुमड जरा रुंद ठेवली, परकराला नाडी ओवतो तसा पट्टा त्यातून ओवला, तर तो अंगाला चिकटून राहील, बांगड्यांपासून लांब राहील, आणि ब्लाउज धुवायचा तेव्हा ओढून काढता येईल. मी हे फार हळू आवाजात बोलले असणार, कारण तुम्ही दोनदा विचारलंत. मग उठलात, ताट तसंच ठेवून. काकू मागून म्हणाल्या की आमटी निवतेय, बाही कुठं पळून जात नाही.

तुम्ही त्या दुमडीचे फोटो काढलेत, कशी शिवायची ते पायरीपायरीनं लिहिलंत आणि इंटरनेटवर टाकलंत. खाली लिहिलंत, शिवण: मनीषा, भिंगार. त्यावरून आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हटलं, काका, उद्या एखादी कंपनी हेच शिवून विकेल आणि आपण बघत बसू. तुम्ही विचारलंत, बाही बेतायला तुला कुणी शिकवलं? चुलतबहिणीनं. तिला? तिच्या सासूनं. त्यांच्यातल्या एकीनं जरी दार लावून घेतलं असतं तर तू कुठं असतीस? मी म्हटलं, ती घरातली माणसं होती. त्यावर तुम्ही चष्मा पुसलात. मग म्हणालात, "मग आपण घर मोठं करू."

मला ते अजूनही पुरतं पटलेलं नाही, काका. पण काही महिन्यांनी कुठल्याशा किनाऱ्यावरच्या मिठागरातल्या बायकांनी आपल्या बाहीचा फोटो पाठवला, तेव्हा मी तो मोबाईलवर मोठा करून करून बघितला. त्यांची दुमड माझ्यापेक्षा सुबक होती. संध्याकाळभर मला राग आला. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासारखी शिवायला लागले. तुम्ही बघितलंत आणि काही बोलला नाहीत. त्याबद्दल आभार.

मग नियमाचं. पट्ट्यात दिवसभराचं सगळं साठत जातं. किती वेळा गुरगुरला, नाडी कधी पळाली, अंग किती तापलं. ते बघायचं तर तुमच्या जुन्या लॅपटॉपला वायर लावावी लागते. हवेतून कुठं जाणार नाही, अशी सोय तुम्ही मुद्दाम केली होती. आणि वायर लावायच्या आधी तोंडानं विचारायचं, 'बघू का?' जिचा पट्टा तिनं तोंडानं म्हणायचं, 'बघ.' मान हलवलेली चालणार नाही. काल 'बघ' म्हणाली होती म्हणून आज चालणार नाही. तुम्ही काकूंच्या पट्ट्यासाठीसुद्धा विचारायचात. काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, अहो, एवढ्या वर्षांत काय बघायचं राहिलंय? तरी तुम्ही 'बघा' ऐकल्याशिवाय वायर लावायचा नाहीत.

मला तो खेळ वाटायचा. मुकादम आला तेव्हा कळलं, खेळ नव्हता. त्यानं शेडमध्ये गोड बोलून सांगितलं की सगळ्या बायांना पट्टे घेऊन देतो, वर सावलीला जाळी लावतो, थंड पाण्याचे जार ठेवतो. फक्त रोज संध्याकाळी कोण कितीदा बसली ते त्याच्या मोबाईलवर यायला हवं. काही बायांना बरं वाटलं. जाळी आणि पाणी कुणाला नको? तुम्ही मधे बोलला नाहीत. मी तुमच्याकडे बघत राहिले की आता तरी बोला. तुम्ही म्हणालात, पट्टा त्यांचा आहे, त्या ठरवतील. शेवंताबाई त्याला म्हणाल्या, "आमचं काळीज आमच्या अंगात हाय ते बरं हाय. तुमच्या मोबाईलात त्याला करमायचं न्हाई."

पुढं जे झालं ते त्यांनीच केलं. एका संध्याकाळी सगळ्या जणी तुमच्या अंगणात बसल्या आणि एकेक जण 'बघ' म्हणत गेली. तुम्ही नावं काढून टाकलीत आणि सगळ्यांचं मिळून एकच चित्र केलंत. दुपार चढते तसे शेडमधले सगळे दंड एकाच वेळी गुरगुरतात, हे त्यात कुणालाही दिसत होतं. ते चित्र घेऊन त्या मार्केटच्या ऑफिसात गेल्या. कोण बसली हे विचारायची सोय त्यात नव्हती. फक्त पत्रा किती तापतो एवढंच होतं. जाळी लागली. दुपारची सुट्टी वाढली. मुकादम आजही शेवंताबाईंना 'डॉक्टरीणबाई' म्हणून चिडवतो आणि त्या त्याला जीभ दाखवायला सांगतात.

आता ते लिहिते, जे लिहायला मी एवढा वेळ लावतेय.

शिवताना काही बिघडलं तर आधी आपल्याला कळावं म्हणून एक जुना नमुन्याचा पट्टा तुम्ही स्वतःच्या दंडाला बांधून असायचात, शर्टाच्या आत. त्या शुक्रवारी तुम्ही तारांचं सोल्डरिंग करत होतात आणि मी समोर शिवत होते. तो गुरगुरला. तुम्ही काम थांबवलं नाही. थोड्या वेळानं पुन्हा गुरगुरला. खोलीत पंखा होता, ऊन नव्हतं. मी सुई खाली ठेवली.

"काका, बघू का?"

"माझं नको. आज नको."

मी म्हटलं, नियम मुकादमासाठी आहे ना? मी काय मुकादम आहे? तुम्ही म्हणालात, "तोंड बघून सूट दिली की नियम मुकादमाचा होतो, टेलरबाई." मी म्हटलं की मग निदान दवाखान्यात चला. बघतो म्हणालात. मी आत जाऊन काकूंना सांगितलं, तुमच्यासमोरच. काकू बाहेर येऊन तुम्हाला बोलल्या. त्यांनाही तुम्ही बघतो म्हणालात. मी चिडले होते. मी म्हटलं, माणूस बेशुद्ध पडला तर 'बघ' कोण म्हणणार? या नियमात तेवढी एक जागा उसवलेली आहे, आणि ती तुम्हाला दिसत नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही. मी नवी दुमड दाखवली होती तेव्हा बघितलं होतंत, तसं.

"हे बरोबर बोललीस," तुम्ही म्हणालात. "रविवारी उपासनेनंतर ये. नीट बोलू."

शनिवारी पहाटे काकूंचा फोन आला.

तुमच्या दंडावरचा पट्टा काकूंनी स्वतः काढला आणि तुमच्याच रुमालात बांधून ठेवला. मातीनंतर चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला. विचारलं, यात शेवटचं आहे का गं? मी म्हटलं, आहे. त्रास झाला असेल का, कळेल? मी म्हटलं, थोडंफार कळेल. त्यांनी रुमालाची गाठ सोडली. मग म्हणाल्या, तुला बघावंसं वाटतंय का? मी खरं सांगितलं. वाटत होतं. फार वाटत होतं. शुक्रवारी मी बघितलं असतं तर काय दिसलं असतं, हे कळल्याशिवाय मला झोप येत नव्हती. कळलं असतं तरी आली नसती, हेही कळत होतं.

लॅपटॉप लावला. वायर हातात घेतली. आणि सवयीनं माझ्या तोंडून निघालं, काका, बघू का?

आम्ही दोघी तशाच थांबलो. मूर्खासारख्या. तुमच्या खुर्चीवर काकूंची शाल पडली होती.

"किती वेळ थांबशील," काकू म्हणाल्या. "ते आता बोलायचे नाहीत. आणि त्यांच्या वतीनं मी 'बघ' म्हणाले, तर वर गेल्या गेल्या पहिलं भांडण त्यावरूनच होईल."

त्या हसल्या आणि मग रडल्या. मी वायर गुंडाळून ठेवली. पट्टा पुन्हा रुमालात गेला. त्यात तुमचं काय आहे ते मला कधीच कळणार नाही, आणि याचा मला राग आहे, काका. नियम पाळला म्हणून मला काही थोर वाटत नाही. तुमच्यावर राग आहे. तो तुमच्याजवळ बसून काढायचा होता.

म्हणून आपलं रविवारचं बोलणं मी शेडमध्ये जाऊन केलं. शेवंताबाईंना सांगितलं की काकांशी एवढं एक ठरवायचं राहिलं. आपण शुद्धीवर असताना, आपल्याच तोंडानं, एकीचं नाव सांगून ठेवायचं. आपण पडलो तर आपल्या जागी तिनं 'बघ' म्हणायचं. दुसऱ्या कुणी नाही. कधी वाटलं तर नाव बदलायचं, ते पण आपणच. शेवंताबाईंनी हातातला कांदा खाली ठेवून विचार केला.

"म्हंजी माज्या जागी कोन बोलंल, ते मीच आदी बोलायचं."

"हो."

"मग तुजं नाव. नवऱ्याचं नको, त्यो लई घाबरट हाय."

"मी पण घाबरटच आहे, शेवंताबाई."

"तू घाबरून गाठ मारतीस," त्या म्हणाल्या. "त्यो घाबरून पळतो."

नावं कुठं लिहायची नाहीत असं त्यांनीच ठरवलं. लिहिलं की कुणीतरी वाचतंय. म्हणून प्रत्येकीनं आपल्या आवडीच्या रंगाचा एक दोरा दिला आणि जिनं जिचं नाव सांगितलं, तिच्या रंगाचा एक टाका मी बाहीच्या दुमडीत आतून घातला. शेडमध्ये कुठला रंग कुणाचा ते सगळ्यांना माहीत आहे. बाहेरच्याला तो नुसता टाका. शेवंताबाईंच्या बाहीत माझा हिरवा आहे. माझ्या बाहीत कुणाचा घालायचा, यावर मी अडले. मनात आईच आली. पण आई राजूरच्या वर, डोंगरात, कधी फोन लागतो, कधी नाही. मी पडले तर तिच्यापर्यंत निरोप जाईतो उशीर होईल. काकूंनी न विचारता आपल्या डब्यातलं पांढरं रीळ काढून माझ्यापुढे ठेवलं. घरापासून इतक्या लांब माझ्या जागी बोलायला आता एक माणूस आहे.

या टाक्याचे फोटो मी काढलेत. लिहायला मला वेळ लागतो, पण लिहितेय, आणि तुमच्यासारखंच सगळ्यांसाठी मोकळं सोडणार आहे. हो, फुकट. हसू नका.

एक शेवटचं. शिकवण्याच्या बदल्यात तुमचं कसं फेडू, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही माझ्यापुढे सुई धरलीत आणि म्हणालात, एवढी ओवून दे, मला नेढं दिसत नाही. त्यानंतर जेव्हा जेव्हा आले, तेव्हा तुमची सुई मी ओवली. मला फार बरं वाटायचं. एवढं देणाऱ्या माणसाला माझ्याकडूनही काहीतरी लागतंय, म्हणून. परवा काकू तुमचे शर्ट घडी करत होत्या. एका शर्टाची गुंडी वेगळ्या दोऱ्यानं लावलेली दिसली म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, ती त्यांनीच लावली, गेल्या महिन्यात. गुंड्या ते नेहमी स्वतःच लावायचे. सुई ओवायचे सुद्धा? मी विचारलं. काकूंना प्रश्नच कळला नाही. म्हणाल्या, मग काय, तांदळातला खडा लांबून दिसायचा त्यांना.

मी तो शर्ट मागून घेतलाय.

काका, मी फेडीन. आज नाही, आज मला धड रडताही येत नाही. पण एक दिवस राजूरच्या बाजारात, आई जिथं बसते त्याच्या शेजारी, मी तुमचं रीळ घेऊन बसेन. शाळा सुटलेली एखादी पोरगी येईल, घाबरत घाबरत, आणि सगळं शिकून झालं की विचारेल, ताई, तुमचं कसं फेडू? तेव्हा मी तिच्यापुढे सुई धरीन आणि सांगीन, एवढी ओवून दे, मला दिसत नाही.